खलपुरुषाचे खरे नाव

अद्भुतकथेतील खलपुरुष भयंकर असावा, ही वाचकाची अपेक्षा स्वाभाविक आहे. त्याला दहा तोंडे दिली अथवा डोळ्यांत अंगार भरला की भय निर्माण होते. परंतु दुष्टपणाचे मूळ दाखविणे हे त्याहून कठीण काम होय. १९९७ ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांत जे. के. रोलिंग या लेखिकेने ते समर्थपणे केले आहे.

या कथेत व्हॉल्डेमॉर्ट हे प्रारंभी केवळ एक नाव आहे. लोक ते उच्चारावयासही भितात. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी तो दिसतो, तोही दुसऱ्याच्या डोक्यामागे चिकटलेला एक चेहरा म्हणून. दुसऱ्या पुस्तकात मात्र एका जुन्या रोजनिशीतून सोळा वर्षांचा देखणा, मृदुभाषी टॉम रिडल पुढे येतो. स्वतःच्या नावाची अक्षरे तो हवेत लिहितो, त्यांचा क्रम बदलतो, आणि त्यांतूनच ते भयंकर नाव सिद्ध होते. बापाचे सामान्य नाव आपण टाकून दिले, असे तो गर्वाने सांगतो.

हा गर्व नसून लाज आहे, हे सहाव्या पुस्तकात (२००५) कळते. त्याची आई एका प्राचीन पण दरिद्री झालेल्या जादूगार कुळातील. बाप जादू न जाणणारा. पतीने टाकलेल्या त्या स्त्रीने कुळाचे लॉकेट अवघ्या दहा सुवर्णनाण्यांना विकले आणि लंडनच्या अनाथालयात मुलाला जन्म देऊन प्राण सोडला. रक्ताच्या शुद्धतेसाठी इतरांचे प्राण घेणारा हा पुरुष स्वतःच मिश्र रक्ताचा आहे! जगाचा द्वेष म्हणून जे दिसते, ते मुळात स्वतःच्या जन्माविषयीचे वैर आहे.

अशा कथेने दुष्टाचे समर्थन होते, असा आक्षेप कोणी घेईल. तो टिकणारा नाही. हॅरीही पोरकाच आहे. त्याच्या आईचे आईबापही जादू जाणत नव्हते. परंतु आईबापांची त्याला लाज वाटत नाही. महाभारतातील कर्णाला श्रीकृष्णाने त्याचे खरे कुळ सांगितले, राज्य देऊ केले. तरी अधिरथ आणि राधा यांना त्याने परके म्हटले नाही. दुःख माणसाला घडवीत नाही. त्या दुःखाचे तो काय करतो, हे त्याला घडविते. म्हणूनच अखेरच्या द्वंद्वात हॅरी त्याला ‘टॉम रिडल’ अशी हाक मारतो, ती अत्यंत उचित होय.

मॉरिशसमधील मराठी घरांतील मुलांनी ही पुस्तके अवश्य वाचावीत. त्यांचे पूर्वज कंत्राटी मजूर म्हणून या बेटावर उतरले, तेव्हा सरकारी वहीत प्रत्येकापुढे एक क्रमांक पडला आणि कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिले गेले. पुढे मुले शिकली, कचेऱ्यांत बसू लागली. आणि ऊसतोडणीच्या कोयत्याचा उल्लेख काही घरांतून हळूच नाहीसा झाला. टॉम रिडलची गोष्ट या मौनाविषयी सावध करते. पणजोबांचे मोडकेतोडके नाव मुलांसमोर मोठ्याने उच्चारले जावे. जे नाव घरात अभिमानाने घेतले जाते, त्याची लाज मुलांना सहसा वाटत नाही.