ध्रुवावरून थेट जिंतूर!

हिंजवडीतल्या आमच्या एका मित्राने अंटार्क्टिका क्रूझचं कोटेशन मागवलं आणि पुढचे दोन दिवस तो कुणाशी बोललाच नाही. आकडा लाखांत, वर तिथले नियम. पेंग्विनपासून ५ मीटर लांब उभं राहायचं, एका वेळी किनाऱ्यावर १०० पेक्षा जास्त पाहुणे उतरवायचे नाहीत. उत्तरेला स्वालबार्डमध्ये तर २०२५ पासून पांढऱ्या अस्वलाच्या ३०० मीटरच्या आत जायला बंदी, मार्च ते जून ५०० मीटर. दुर्बिणीतूनच बघायचं तर मग बॉस, येलदरीला चला की!

येलदरी म्हणजे परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं पूर्णा नदीवरचं धरण. परभणीहून एसटीने जिंतूर, पुढे मिळेल ती काळीपिवळी. कॅप्टनची वेलकम पार्टी नाही, पण स्टँडवरची गरम भजी आहेत.

धरणाचं पाणी ओसरलं की कडेला चिखल उघडा पडतो. त्यात टुकटुक चोच मारत धावणारा, चिमणीएवढा मातकट पक्षी म्हणजे छोटा टिलवा, इंग्रजीत लिटल स्टिंट. वजन जुन्या जाड पाच रुपयांच्या तीन नाण्यांएवढं. जन्मगाव? रशियाच्या पार उत्तरेचा टुंड्रा! तिथल्या दोन-अडीच महिन्यांच्या उन्हाळ्यात सगळा संसार उरकायचा. मादी बरेचदा दोन घरटी करते. एकातली अंडी नर उबवतो, दुसऱ्यातली ती. (यावर ऑफिसातल्या पुरुषमंडळींनी चिंतन करावं.) मग आईबाप आधी निघतात आणि पिल्लं मागाहून, आपली आपण. वाट कधी पाहिलेली नाही, तरी हजारो किलोमीटर दक्षिणेला बरोब्बर पोचतात. तिकडे लेमिंग नावाचे उंदीर कमी झाले की ध्रुवीय कोल्हे पिल्लांवर तुटून पडतात, त्या हिवाळ्यात इकडे नवे पाहुणे कमी. म्हणजे सैबेरियातल्या उंदरांचा हिशेब जिंतूरच्या चिखलात मांडला जातो!

मागच्या जानेवारीत मी तिथे होते, तेव्हा कुणाचं तरी प्री-वेडिंग शूट चालू होतं. घूं घूं करत ड्रोन खाली आला की अख्खा थवा उठायचा, घिरट्या घालून बसायचा आणि पाच मिनिटांत परत उठायचा. मला तिथेच वाईट वाटायला लागलं. परतीच्या प्रवासासाठी अंगावर चढवायची चरबी अशी फुकट जळते. ध्रुवावर माणसाला अडवायला गाईड असतो, इथे कोण अडवणार?

जाळं आवरत बसलेले एक मामा मला म्हणाले, "ताई, गपगुमान बसा. पाखरं सोताहून जवळ येतेत."

बसले. पंधरा-वीस मिनिटांत एक टिलवा चिखल चाळत चाळत माझ्या बुटांपासून पाच-सहा पावलांवर आला. मला त्याने दगडच समजलं असावं.

जायचंच तर फेब्रुवारी-मार्च बरा. पाऊस चांगला झाला असेल तर डिसेंबरपर्यंत पाणी काठोकाठ असतं, चिखल दिसतच नाही. सूर्य पाठीशी घ्या, फिकट-मळके कपडे घाला, होडीचा हट्ट नको. एप्रिलमध्ये ऊन भाजून काढतं, पण निघायच्या आधी टिलव्यांच्या पाठीवर तांबूस रंग चढू लागतो आणि ते चांगले गुबगुबीत होतात. ते बघायला मी यंदा जाणार आहे. कोटेशनवाला मित्रही येतोय, ग्लुकोजचा डबा त्याच्याकडे.