मॉनिटर घेताना आकड्याला भुलू नका

रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या पाचाडसारख्या गावातही आता संगणकाशिवाय धंदा चालत नाही. गडावर येणाऱ्या पर्यटकांवर खानावळी आणि दुकाने चालतात, त्यांची बिले संगणकावर निघतात. जून महिना आला की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेअर यांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्यांकडे पालकांची रांग लागते. आपले अनेक तरुण कर्ज काढून किंवा घरातले दागिने गहाण ठेवून असा छोटा व्यवसाय उभा करतात. त्यांचे दोन हजार रुपये वाया गेले तर ती आम्हाला किरकोळ गोष्ट वाटत नाही.

मॉनिटर घ्यायला बाजारात गेले की पहिला प्रश्न येतो, ‘‘किती हर्ट्झचा दाखवू?’’ साठ, पंच्याहत्तर, शंभर, एकशे चव्वेचाळीस असा आकडा चढतो आणि त्याबरोबर किंमतही चढते. वर ‘डोळ्यांना आराम पडतो’ असे सांगितले जाते. आमचे स्पष्ट मत असे की, हा सल्ला एके काळी खरा होता. आजच्या मालाला तो जसाच्या तसा लावणे चुकीचे आहे.

हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचे चित्र एका सेकंदात किती वेळा नव्याने काढले जाते तो आकडा. पूर्वीच्या, पाठीमागे पोट असलेल्या जड सीआरटी मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळीमागून ओळ चित्र काढीत असे. झोत पुढे गेला की मागचा उजेड लगेच मावळत असे. त्यामुळे साठ हर्ट्झवर पडदा लुकलुके, दिवसभर बसणाऱ्याचे डोके दुखे. तेव्हा पंच्याहत्तर किंवा पंच्याऐंशीचा आग्रह योग्यच होता.

आजच्या सपाट एलसीडी पडद्याचे तसे नाही. त्याचा प्रत्येक ठिपका पुढचा हुकूम येईपर्यंत आपला रंग धरून राहतो आणि उजेड मागच्या दिव्यातून येतो. अर्ज भरणे, बिले करणे, टायपिंग यांना साठ हर्ट्झ पुरतात. खेळ खेळणाऱ्याला जादा हर्ट्झचा फायदा होतो, हलणारे चित्र सफाईदार दिसते, हे आम्ही नाकारत नाही. त्याच किमतीत पंच्याहत्तर किंवा शंभर मिळत असतील तर जरूर घ्यावेत. मात्र नुसत्या अर्जांसाठी जादा पैसे मोजू नयेत. मोठा फोर-के टीव्ही मॉनिटर म्हणून लावला आणि जोडणी जुन्या पद्धतीची असली, तर तो तीस हर्ट्झवर अडकतो आणि माऊस रखडत चालतो. तेवढे मात्र टाळावे.

खरा फरक जोडणीत

ग्राहक हर्ट्झ विचारतो, पण मागे वायर कोणती लागते हे पाहत नाही. निळ्या तोंडाची, पंधरा पिनांची व्हीजीए जोडणी आयबीएमने 1987 मध्ये आणली. ती अॅनालॉग आहे, म्हणजे चित्र विजेच्या कमीजास्त दाबाच्या रूपाने वायरीतून जाते. सीआरटीला तेच हवे होते. सपाट पडद्याला मात्र आकडे लागतात. म्हणून संगणक आपल्या आकड्यांचा विजेचा दाब करतो आणि मॉनिटर तो दाब मोजून पुन्हा आकडे करतो. या उलटसुलट भाषांतरात, त्यातही वायर लांब आणि हलकी असेल तर, अक्षरे पसरट होतात, त्यांना सावली येते. एचडीएमआय किंवा डिस्प्ले पोर्ट या डिजिटल जोडणीत आकडे जसेच्या तसे पोहोचतात.

मराठीत काम करणाऱ्याला ही बाब महत्त्वाची आहे. अनुस्वार, रफार, उकार ही चिन्हे बारीक. उर्दूत तर एका नुक्त्याने शब्द बदलतो. पुसट पडद्यावर अनुस्वार सुटला, तर दाखल्यावर नाव चुकते आणि दुरुस्तीसाठी गरीब माणसाला महाडपर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटरची खेप पडते.

तरीही व्हीजीए मॉनिटर भंगारात काढा, असे आम्ही म्हणत नाही. आमच्याच टेबलावरील मॉनिटरची अक्षरे अंधुक झाली तेव्हा एका दुकानदाराने नवा मॉनिटर घेण्याचा सल्ला दिला. पाहतो तो सेटिंगमध्ये रिझोल्यूशन पडद्याच्या मूळ मापाचे नव्हते. ते बदलले, मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण दाबले आणि अक्षरे लख्ख झाली. खर्च शून्य! तेव्हा आधी रिझोल्यूशन, मग ऑटो बटण, मग आखूड आणि चांगली वायर, आणि इतके करूनही जमले नाही तरच नवा मॉनिटर, असा क्रम ठेवावा.

जुना माल घेणाऱ्यांसाठी

जुलै 2021 च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. असा फटका बसलेल्या दुकानदाराने जुना मॉनिटर घेऊन पुन्हा सुरुवात केली तर त्यात कमीपणा नाही. फक्त संगणकाची मागची बाजू आधी पाहावी. इंटेल, एएमडी आणि काही मॉनिटर उत्पादकांनी 2015 पर्यंत व्हीजीए मागे घेण्याचे 2010 मध्येच जाहीर केले होते. त्यामुळे अनेक नव्या संगणकांना ती जागाच नसते. एचडीएमआयवरून व्हीजीएवर जायचे तर नुसती वायर चालत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग एचडीएमआय वायरीच्या मोहात पडू नये. दोन मीटरच्या अंतरात साधी वायरही तेच आकडे पोहोचवते. डिजिटल वायर बिघडली तर चित्र तुटते किंवा जाते, अक्षर पुसट होत नाही.

विक्रेत्यांनाही आमचे सांगणे आहे. ग्राहकाला त्याचे काम विचारा आणि मग माल दाखवा. त्याच्यासमोर मॉनिटर चालू करा, मराठी मजकुराचे एक पान उघडा आणि अनुस्वार नीट दिसतो का ते त्यालाच पाहू द्या. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा ही परीक्षा खरी आहे. अशा व्यवहारात नफा थोडा कमी होईल, पण गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात येईल.