बार का उडत नाही?

नागपूरहून रायपुराकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, छत्तीसगडच्या सीमेलगत, गोंदिया जिल्ह्यातील देवरी हे तालुक्याचे गाव आहे. सभोवार अरण्य, मध्ये भाताची शेते आणि रात्री उशिरापर्यंत धावणाऱ्या मालमोटारी. अशा मुलखात एखादा राइस मिलवाला वा व्यापारी सरकारी परवाना घेऊन रिव्हॉल्व्हर बाळगतो, तो काही मिशीला पीळ भरण्याकरिता नव्हे. परंतु चाप ओढावा आणि नुसता 'खट्' असा आवाज व्हावा, असे झाले तर त्या परवान्याचा उपयोग काय?

हा प्रश्न एकट्या परवानाधारकाचा आहे, असेही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील संभल जिल्ह्यात गुन्हेगारांशी चकमक चालू असता एका पोलीस अधिकाऱ्याचे शस्त्र ऐन वेळी अडले, आणि त्याने तोंडानेच 'ठांय ठांय' असा आवाज काढून वेळ निभावून नेली. साऱ्या देशाने ते चित्र पाहिले आणि पोटभर हसून घेतले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी सलामीच्या एकाही रायफलीचा बार उडाला नाही. तेव्हाही टिंगल पुष्कळ झाली. आम्हांस मात्र त्या हसण्याचे नवल वाटते. ज्याचे शस्त्र ऐन वेळी मुके होते, त्याच्या जागी आपण स्वतःस क्षणभर उभे करून पाहावे!

न उडालेले काडतूस हा या बाबतीतील पहिला साक्षीदार होय, आणि आपण नेमके तेच रागाने फेकून देतो. काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी एक लहानशी टोपी असते. घोडा पडला की तिच्यावर आघात होतो, तीतील मसाला पेटतो आणि त्या ठिणगीने आतील दारू पेट घेते. टोपीवरील खळगा खोल व ठसठशीत असून बार उडाला नसेल, तर दोष बहुधा काडतुसाचा. ते जुने झाले असेल, ओल लागली असेल किंवा तेल झिरपून मसाला निकामी झाला असेल. खळगा उथळ असेल तर मात्र शस्त्राकडे वळावे. स्प्रिंग थकली आहे काय, जुने तेल घट्ट होऊन घोड्याची चाल मंदावली आहे काय, घोड्याची अणी झिजली आहे काय, हे पाहावे. खळगा एका बाजूला सरकलेला दिसला, तर काडतुसांचे चक्र फिरून नळीसमोर नीट थांबत नाही, असा संशय घ्यावा. घोडा हाताने चढवल्यावर बार उडतो, नुसता चाप ओढल्यास उडत नाही, ही तक्रारही नेहमीची आहे. दुसऱ्या रीतीत घोडा किंचित कमी अंतरावरून पडतो, म्हणून दुबळी स्प्रिंग तेथे उघडी पडते. चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंग कापून घेण्याची हौस अनेकांना असते. ती हौस अशी महागात पडते.

मात्र हे निदान घाईने करावयाचे नव्हे. चाप ओढूनही बार न उडाल्यास नळीचे तोंड सुरक्षित दिशेस धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, लगेच दुसऱ्यांदा चाप ओढू नये. क्वचित दारू उशिरा पेट घेते. बार नेहमीपेक्षा फुसका निघाला तर गोळी नळीतच अडकली असण्याचा संभव असतो, आणि तिच्यामागून दुसरी सोडणे म्हणजे स्वतःच्या हातावर संकट ओढवून घेणे होय. पुढचे काम परवानाधारी कारागिराचे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दुरुस्तीसही परवाना आवश्यक ठरविला आहे; गावच्या लोहारापुढे रिव्हॉल्व्हर ठेवणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अविचाराचे आहे.

येथवर दोष व्यक्तीचा. पण सरकारची बाजूही तपासली पाहिजे. २०२४ या एकाच वर्षी देवरीकरांनी दोनदा मतदान केले. १९ एप्रिलला लोकसभेसाठी, २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी. निवडणुकीच्या काळात जिल्ह्याची छाननी समिती ज्यांची नावे ठरवील त्यांना शस्त्र पोलिसांकडे जमा करावे लागते. लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत होती. शांततेसाठी हा नियम आम्हांस मान्य आहे. तथापि चामड्याच्या खोळीत गुंडाळलेले शस्त्र महिनोन्‌महिने कोठडीत पडून राहिले म्हणजे काय होते, हे कोणीही जाणता शिपाई सांगू शकेल. चामडे ओल धरते, पितळेवर हिरवा कळंक चढतो, तेल चिकट होते. त्यात हा भाताचा, भरपूर पावसाचा मुलूख! मालकाने घरी तेलपाणी करावे म्हटले, तर शस्त्र त्याच्या हाती नाही. आणि ज्यांच्या हाती आहे, त्यांचे ते नव्हे.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी नव्या अर्जदारास शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या शिक्षणाची अट घातली. ही अट योग्यच आहे. मात्र जो नागरिकास देखभाल शिकवितो, त्याने स्वतःच्या ताब्यातील शस्त्राचीही तितकीच देखभाल करावी, एवढीच आमची अपेक्षा. जमा करून घेताना काडतुसे वेगळी काढून कोरड्या डब्यात ठेवावीत, शस्त्र खोळीबाहेर काढून हलके तेल लावून ठेवावे, आणि परत देताना ते रिकामे असल्याची खात्री करून घोडा, चाप व चक्र यांची चाल जाणकाराकडून पाहून घ्यावी. पावतीवर शस्त्राच्या क्रमांकाखाली त्याच्या स्थितीची एक ओळ दोन्ही वेळी लिहावी, म्हणजे पुढे बिघाड निघाल्यास तो कोणाच्या ताब्यात असता झाला याचा वाद उरणार नाही. यास नवा कायदा नको, नवे पद नको. पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारातील एका माणसाचा प्रत्येक शस्त्रामागे पाव तास पुरे आहे.