मास्तर पाहिजे!

आमच्या यवतमाळात काय मिळत नाही, असे कोणी विचारले असते तर गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी छाती पुढे काढून सांगितले असते, की असे काही नाहीच! कापूस मिळतो, सागवान मिळते, नवरात्रात दुर्गादेवीचा थाट असा असतो की लांबलांबची माणसे तो पाहायला येतात. आणि २०१९ च्या जानेवारीत तर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही आमच्या पदरात पडले. पण एके रात्री जेवता जेवता आमच्या तेरा वर्षांच्या कन्येने जाहीर केले, "बाबा, मला सॅक्सोफोन शिकायचाय. त्यातही जॅझ!" आणि माझी छाती मुकाट्याने जागच्या जागी आली.

अपराध माझाच. 'काश्मीर की कली' (१९६४) या चित्रपटातला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन तिने माझ्याच फोनवर ऐकला आणि बोटाने सरकत सरकत ती थेट चार्ली पार्करपर्यंत पोचली. वाद्यही कोणाचे तरी वापरलेले, बेताच्या किमतीत मिळाले. प्रश्न उरला मास्तरांचा.

पहिले गृहस्थ पेटी शिकवत. ते म्हणाले, "सॅक्सोफोन म्हणजे पितळी सनईच की! तीन महिन्यांत जॅझ, सहा महिन्यांत परीक्षा." त्यांच्याजवळ सॅक्सोफोन आहे का, असे मी भीत भीत विचारले. "चित्र आहे," ते म्हणाले. दुसरा पत्ता लागला तो नागपूरचा. दीडशे किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. दर रविवारी एस.टी.त बसून मुलगी वादक होण्याआधी वाहक झाली असती. तिसरे मुंबईचे, फोनच्या पडद्यावरून शिकवणारे. माणूस जाणता आणि सज्जन. दोन धड्यांनंतर त्यांनीच सांगितले, "तिचे ओठ कुठे चुकतात ते मला इथून नीट कळत नाही. आधी गावात कोणी तरी कान देणारा शोधा."

मी पडलो पुस्तकी माणूस. गावात शोधायचे सोडून पुस्तकांत शिरलो. पण त्याचा फायदा झाला. ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण फुंकरीने थरथरते ती वेताची पातळ पट्टी. म्हणून त्याचे गोत्र क्लॅरिनेटचे, तुतारीचे नव्हे. लष्करी बँडांनी ते लगेच उचलले. आपल्याकडे पलटणीचा बँड पाहून लग्नाचे बँड उभे राहिले, त्यांतही ते शिरले.

जॅझची वाट निराळी. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून आलेल्यांच्या सहवासात गोव्याचे वादक जॅझ उचलू लागले. ही मंडळी रात्री हॉटेलात वाजवीत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'च्या (१९५१) संगीतामागे अशा चिक चॉकोलेटचा हात होता. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) गाण्यात गाजलेले नाव ही शिष्याने दिलेली गुरुदक्षिणाच.

हे वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गोव्याच्या या पोरांना जॅझ कोणी लहानपणी शिकवला नव्हता. चर्चच्या शाळेत त्यांना सूर आणि स्वरलिपी शिकवली होती. पाया पक्का होता, म्हणून पुढे शेजारी बसून जॅझ उचलता आला. म्हणजे मला जॅझचा मास्तर नकोच होता. पाया घालणारा हवा होता. आणि सॅक्सोफोनवर पोट भरणारी माणसे तर माझ्या कॉलेजच्या वाटेवरच होती! त्या बँडच्या दुकानावरून मी वर्षानुवर्षे जात होतो.

तरीही पंधरा दिवस मी तिकडे फिरकलो नाही. 'लग्नाच्या बँडवाल्याकडे आपली मुलगी?' हे वाक्य आमच्या घरात दुसरे कोणी बोलले नाही. ते माझेच होते.

अखेर गेलो. खुंटीवर जरीचे लाल कोट, कोपऱ्यात ढोल, आणि मधे साठीचे मास्तर वेताची पट्टी कापडाने पुसत बसलेले. मी आलो कशासाठी ते सांगितले. ते म्हणाले, "जॅझ मले येत नाई, सर. खोटं कायले बोलू? पण फुंक पक्की करून देईन, सूर लावून देईन." मग जरा थांबून म्हणाले, "तुमच्या वरातीत मीच होतो. तवा क्लॅरिनेट वाजवत होतो."

सतरा वर्षांपूर्वीची ती वरात मला आठवली. बँडवाल्यांना पंगतीत बसवले नव्हते. मागच्या दाराशी त्यांच्या हातात पत्रावळी दिल्या होत्या. मास्तरांनी त्याचा उच्चार केला नाही. "आषाढीपासून पाठवा," एवढेच म्हणाले, "चातुर्मासात लग्नं नाईत, आमी मोकळेच."

तीन आठवडे त्यांनी पोरीला सबंध वाद्य हातात धरू दिले नाही. नुसते तोंडाकडचे टोक आणि एकच सूर. "दिव्याची वात हालते का पाहा. हालली तर पुन्हा." मग वाद्य जोडले. पाश्चात्त्य लोक आल्टो सॅक्सोफोनवर ज्याला 'सी' म्हणतात, तो पेटीवर येतो आपल्या काळी दोनमध्ये; मास्तरांनी स्वरलिपीचे नावही न घेता तिथेच तिचा षड्ज पक्का केला.

भाद्रपदात तिने त्यांना फोनवर पार्कर ऐकवला. मास्तरांनी डोळे मिटून तीनदा ऐकले. चौथ्या वेळी त्यांची टाळी पडू लागली ती पहिल्या मात्रेवर नाही; दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर! मग स्वतःचे वाद्य उचलून त्यांनी त्यातल्या दोन ओळी ओबडधोबड काढल्या, हसले, आणि पोरीला म्हणाले, "हे मले जमत नाई. आता हे तू मले शिकव."

वीस वर्षे मी वर्गात उभा आहे. 'हे मला येत नाही' असे मी विद्यार्थ्यांपुढे किती वेळा म्हणालो, ते मोजायला एका हाताची बोटेही लागणार नाहीत.

आता तुळशीचे लग्न लागले की मास्तरांचा हंगाम सुरू होईल. धडे रविवार सकाळवर जातील. त्याआधी, या दिवाळीत, मी त्यांना आणि त्यांच्या सगळ्या ताफ्याला घरी फराळाला बोलावले आहे. पुढच्या दाराने. आमंत्रणाला सतरा वर्षे उशीर झाला, हेही सांगितले.

मास्तर पट्टी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "येऊ जी. पण पोरीले सांगा, त्या दिवशीबी रियाज सुटला नाई पाह्यजे."