खुला प्रश्न, ठरलेले माप

तांत्रिक पदांच्या मुलाखतींत पाठांतराऐवजी विचारशक्तीची परीक्षा व्हावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. व्याख्या घडाघडा म्हणून दाखविणारा उमेदवार प्रत्यक्ष बिघाड शोधू शकेलच, असे नव्हे. ‘महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेची संगणक-यंत्रणा मंदावते, कारण कसे शोधाल?’ या प्रश्नाला एकच ठरीव उत्तर नाही. जाणता उमेदवार प्रथम प्रतिप्रश्न करील : हे एकाच शाखेत घडते की सर्वत्र? कधीपासून? त्यापूर्वी यंत्रणेत कोणता बदल झाला? त्याची काम करण्याची रीत येथेच उघड होते.

तथापि उत्तर खुले असले की गुणदानही मोकाट सुटते, हा यातील खरा धोका होय. एके काळी सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींत कोड्यांचे प्रस्थ माजले होते. ही कोडी निरुपयोगी असून त्यांनी केवळ विचारणाऱ्याचाच अहंकार सुखावतो, असे गूगलचे तत्कालीन मनुष्यबळ-प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये सांगून टाकले.

आपल्याकडे मुलाखतीच्या गुणांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी १५० पैकी ५० गुण मुलाखतीस होते. दोन-तीन मिनिटांत आईवडील व राहते ठिकाण एवढ्याचीच चौकशी झाली, अशी उमेदवारांची तक्रार होती. अजय हासिया खटल्यात १९८० मध्ये न्यायालयाने मुलाखतीस १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरविले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, असे सुचविले. पुढे केंद्र सरकारने २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या.

परंतु अभियंत्याच्या निवडीत मुलाखतीला फाटा देऊन भागणार नाही. तिला शिस्त लावणे, हाच मार्ग आहे. सर्व उमेदवारांना एकच प्रश्न विचारावा. विचाराच्या कोणत्या टप्प्याला किती गुण, हे आधीच लिहून ठेवावे. आणि परीक्षकांनी आपसांत चर्चा करण्यापूर्वी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. असे माप नसेल, तर अस्खलित इंग्रजी बोलणारा तरुण हुशार ठरेल आणि मराठी माध्यमातून शिकलेला, अडखळत पण नेमका विचार मांडणारा तरुण मागे पडेल. त्यात नुकसान केवळ त्या तरुणाचे नाही. बिघाड झाल्यावर तो शोधणारा माणूस ज्या संस्थेत नसेल, तिचेही ते आहे.