तराजू कुणाच्या हातात?

मी मॅट्रिक. गोदीत ठेक्यावर ओझी उचलतो, पाळी सुटली की कविता लिहितो. कॉलेजातल्या मास्तरांबद्दल बोलायचा मला काय अधिकार? आहे. आमच्या चाळीतला एक पोरगा मास्तर झालाय आणि त्याची फरफट मी रोज बघतोय.

यूजीसीचा २०१८ चा नियम त्यानंच मला वाचून दाखवला. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकानं आठवड्याला किमान ४० तास काम करायचं, त्यातले १६ तास शिकवायचं. उरल्या वेळात संशोधन, कमिट्या, समाजकार्य. कागदावर तराजू कसा झक्कास!

पण आमचा दोस्त तासिका तत्त्वावर. जेवढे तास तेवढा पैसा. संशोधन रात्री, पदरमोड करून. आणि सेवा? स्कॉलरशिप अडली, पोरगा ह्याच्याकडं. वसतिगृह मिळालं नाही, पोरगी ह्याच्याकडं. जातीवरनं कुणी टोमणा मारला, तरी ह्याच्याकडंच. कॉलेजही म्हणतं, 'ही तुमचीच मुलं, तुम्हीच बघा.' आणि कायम जागेच्या मुलाखतीला गेला की सवाल एकच: पेपर किती छापले?

गोदीत गोणी उचलली तर मोजणी होते. ह्यानं माणूस उचलला, त्याची नोंद कुठंच नाही.

वर शहाणे सांगतात, बाबासाहेबांनी नाही का सगळं केलं? केलं. पण कसं, तेही बघा. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. शिकवत असतानाच १९१९ ला साउथबरो कमिटीपुढं साक्ष दिली, जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला. पण अपुरं संशोधन पुरं करायला त्याच वर्षी नोकरी सोडून लंडन गाठावं लागलं. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला १९२३ ला. संशोधनाला वेळ लागतो, बाबासाहेबांनाही लागला.

तेव्हा 'समतोल साधा' हा उपदेश बंद करा. रिकाम्या जागा भरा. तासाचा नको, महिन्याचा पगार द्या. पोरांसाठी घातलेला वेळ कामात धरा, आणि ते काम एकट्या दलित मास्तरावर ढकलू नका.

आणि दोस्तहो, आपण तरी कुठं धुतल्या तांदळाचे? जयंतीला भाषण, मोर्च्याला पत्रक, बोलवा मास्तरला! गेल्या महिन्यात मीच माझी कवितांची वही त्याच्या प्रबंधावर नेऊन आपटली. प्रबंध कशावर? गोदी कामगारांवर. म्हणजे माझ्या बापावर. तो पुरा झाला नाही, तर आपला इतिहास आपल्याला ओझ्याचं जनावर समजणारेच लिहितील.

ह्या वेळचं पत्रक मी लिहितो. चुका होतील, होऊ द्या. त्याला लिहू द्या.