मशिदीतले, चर्चमधले कामगार

धर्मस्थळे ही प्रतिगाम्यांची ठाणी, तेथे समाजवाद्यांचे काय काम, असा सवाल आपले काही साथी मोठ्या तोऱ्याने करतात. त्यांनी पूर्व लंडनचा अनुभव पाहावा. १९९६ साली तेथे 'ईस्ट लंडन कम्युनिटीज ऑर्गनायझेशन' स्थापन झाली. चर्चे, मशिदी, शाळा, कामगार संघटना अशा संस्थाच तिच्या सभासद. ईश्वर एक की अनेक, या वादात ती शिरली नाही. २००१ साली तिने निर्वाह-वेतनाची मागणी पुढे केली.

रुग्णालयांनी आणि बड्या बँकांनी साफसफाई कंत्राटदारांच्या हवाली केली होती. रात्रपाळीत फरशा पुसणारे बहुतेक स्थलांतरित. कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. विखुरलेल्या या कामगारांना युनियनने गाठावे तरी कोठे? शुक्रवारी मशिदीत आणि रविवारी चर्चमध्ये मात्र ते हमखास भेटत! २००५ साली लंडनच्या महानगर प्रशासनाने तासाला ६.७० पौंड हा निर्वाह-वेतनाचा दर जाहीर केला. राष्ट्रीय किमान वेतन तेव्हा पाच पौंडांच्या आसपास होते.

हा दर मालकांवर कायद्याने आजही बंधनकारक नाही. ही उणीव गंभीर आहे आणि ती भरून काढण्याची जबाबदारी पाद्री-मौलवींवर ढकलून चालणार नाही. ते राजकीय पक्षांचे काम आहे. स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न आला की यांतले अनेक धर्मगुरू पाठ फिरवतील, हेही उघड आहे. तेथे त्यांच्याशी भांडावेच लागेल. परंतु त्या भांडणाची सबब सांगून वेतनाच्या लढ्यातून अंग काढून घेणाऱ्या साथींनी, फरशी पुसणाऱ्या त्या बाईला कोणत्या सभेत भेटायचे ठरवले आहे?